तीन शनिवारांची तसबीर

मानमोडीच्या साथीत बायको गेली आणि उपेंद्ररावांच्या घरात बोलायला कुणी उरलं नाही. बेळगावात खडेबाजारातल्या एका माडीवर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. गिऱ्हाईक यायचं, ताठ बसायचं, निघून जायचं. दोन वेळा ते खानावळीत जेवायचे, तेवढाच माणसांचा आवाज कानावर पडे.

पुढच्या उन्हाळ्यात सांबरा गावची मालुबाई शनिवारच्या बाजारात लोणी विकून जिना चढून आली. तिचा मुलगा जोतिबा पलटणीबरोबर लढाईवर बसऱ्याला गेला आणि तिकडंच तापानं वारला. तिला त्याची तसबीर हवी होती. निघण्याआधी पलटणीचा फोटो उपेंद्ररावांनीच काढला होता. त्या फोटोची निगेटिव्ह काच त्यांनी जपून ठेवली होती, पण तिच्यात जोतिबाचं तोंड चिंचोक्याएवढं. मोठं केलं की नुसते ठिपके दिसत. डिंकाच्या छपाईत ते मऊ होतील, असं त्यांना वाटलं.

बाभळीचा डिंक, काजळी आणि एक नारिंगी क्षार कालवून त्यांनी कागदावर फासला, वाळवला, आणि वर चेहरा मोठा करून घेतलेली काच ठेवून गच्चीत उन्हात धरला. ऊन लागेल तिथला डिंक कागदाला धरून राहतो, बाकीचा पाण्यात सुटतो. पहिल्या शनिवारी ऊन कमी पडलं. पाण्यात डोळे दिसले, मिशी दिसली, मालुबाई खाली वाकली, आणि बघता बघता सगळंच विरघळून गेलं.

दुसऱ्या शनिवारी सहा मिनिटं ऊन दिलं. चेहरा टिकला.

"ह्यो माझा न्हवं, आप्पा," ती म्हणाली. "माझा लई सावळा हुता."

"ऊन वाढवू. पुढच्या शनिवारी या."

कागद अर्धा तास पाण्यात असे. तेवढा वेळ ती जोतिबाचं, सून नागुबाईचं, गाभण म्हशीचं सांगत राही. उपेंद्रराव ऐकत.

शुक्रवारी त्यांनी एकट्यानंच आठ मिनिटं देऊन पाहिली. सावळा रंग नेमका उतरला. तसबीर वाळवून त्यांनी कपाटात ठेवली.

शनिवारी मालुबाई आली तेव्हा "अजून जमलं नाही" म्हणाले आणि नवा कागद चांगला पाव तास उन्हात ठेवला. काळं पाण्यात सुटेना. सुटायला तास दोन तास लागतील, हे त्यांना ठाऊक होतं.

मालुबाई पाण्याकडं बघत म्हणाली, "सून उंबऱ्यात बसून असती. दर शनवारी इचारती, आणलं काय? आज काय सांगू तिला?"

उपेंद्रराव उठले. कपाटातली तसबीर काढून त्यांनी तिच्या हातात दिली. तिनं बराच वेळ पाहिलं, मग बोटानं कडा चाचपली.

"ह्यो तर वाळलाय."

"काल केला."

"मग मला का बसवून घेतलंसा?"

"इथं कुणी बोलत बसत नाही, मालुबाई."

तिनं तसबीर पदरात गुंडाळली. "सांगायचं हुतं, आप्पा. बसले असते," म्हणाली आणि जिना उतरली.

त्यानंतर ती आली नाही. भातलावणी आटोपल्यावर एका दुपारी उपेंद्रराव चालत सांबऱ्याला गेले. मालुबाई शेतात होती. सुनेनं पाणी दिलं. आतल्या भिंतीवर जोतिबा होता.

"कोण आलतं म्हणून सांगू?"

"वाटेनं चाललो होतो," ते म्हणाले. तांब्या खाली ठेवला आणि बेळगावची वाट धरली.