चरबीचा टेम्पो

जळकोटच्या हमरस्त्यावरच्या हॉटेलांतून तळणीचं जळकं तेल आणि खाटकांकडून बकऱ्याची चरबी गोळा करायची, पिंपांत भरायची आणि बायोडिझेलच्या कारखान्यात नेऊन ओतायची, हे माझं काम. कारखान्यातले साहेब त्याला स्वच्छ इंधन म्हणतात. ते स्वच्छ त्यांच्याकडं होतं, माझ्याकडं असतं तोवर घाणच. थंडीत चरबी थिजते, मग पिंपं उन्हात लोळवत बसायचं. कंबर पार कामातून गेली आहे.

आमचं घर लिंगायत. अव्वा, म्हणजे माझी आई, अंड्याचं नाव निघालं तरी पदर झटकायची. मी परसात अंघोळ केल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, आणि ओलांडला तरी माझ्या हातचं पाणी तिला चालायचं नाही. अंगाला हात लावणं तर दूरच. टेम्पोत तेलाची पिंपं पुढं, चरबीची मागं आणि मधे फळी टाकतो, असं एकदा सांगून बघितलं.

"वास काय फळी बघून थांबतोय व्हय रे?" ती म्हणाली.

गेल्या हिवाळ्यात सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं, म्हणून बायको माहेरी गेली. नेमकी तेव्हाच अव्वा तापानं पडली. सुरुवातीला शेजारच्या काकू येऊन भरवून गेल्या, मग त्यांच्याही घरात ताप शिरला. उपाशीपोटी गोळ्या द्यायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलेलं. मी टेम्पो उभा केला. साबण, लिंबू, राख, सगळं लावून हात घासले, तांदळाची पेज केली आणि तिच्यापुढं बसलो.

"अव्वा, थोडं खा. गोळी घ्यायची हाय."

"न्हाय. हाताला वास येतोय तुझ्या."

"लई घासलेत गं."

"येतोय म्हटलं ना."

मला रागच आला. ह्याच हातांवर घर चाललंय, हे अगदी ओठांवर आलं होतं. पण भांडायचंही त्राण नव्हतं. चमचा धरून नुसताच बसलो. पेज निवली. पुन्हा गरम करून आणली, पुन्हा बसलो.

शेवटी तिनं पदराचा बोळा नाकावर दाबला आणि तोंड उघडलं. एक-दोन चमचे गेले. पण तापानं धाप लागलेली, नाक दाबून गिळवेना. जोराचा ठसका लागला. पाठ चोळायला मी हात पुढं केला आणि सवयीनं मागं घेतला.

तिनं पदर सोडला.

"चोळ की," म्हणाली.