भट्टीत उभा माणूस

"मी चुन्याच्या भट्ट्या बघायला चाललेय, मुळशीत," असं बायको एका रविवारी सकाळी म्हणाली आणि स्कूटर काढून गेलीसुद्धा. मी "बरं" म्हटलं. आमच्या घरातल्या बोलण्यात माझा वाटा "बरं", "हं" आणि "बघू" एवढाच. बाकीचं ती बोलते.

पुढच्या रविवारीही भट्ट्या. त्याच्या पुढच्याही. नवा कॅमेरा घेतला होता हे खरं, पण पन्नाशीतली बाई सुट्टीच्या दिवशी उठून पडक्या भट्ट्या कशाला बघेल? देवळात जाते म्हणाली असती, मैत्रिणीकडे जाते म्हणाली असती, तर मी पेपरातून मान वर केली नसती. दुपारी परत यायची ती लालबुंद होऊन, गुणगुणत. आता लिहायलाच बसलोय तर लिहून टाकतो. मला तिचा संशय आला.

एका रविवारी मी मोटरसायकल काढून तिच्या मागे गेलो. पुष्कळ अंतर ठेवून. पौडच्या अलीकडची खिंड ओलांडेपर्यंत ती दिसत होती, पुढे पौडच्या एसटी स्टँडजवळच्या गर्दीत दिसेनाशी झाली. तिथे उभा राहिलो तर वड्यांचा वास आला. सकाळपासून पोटात काही नव्हतं. दोन वडापाव बांधून घेतले, दोन्ही स्वतःसाठी, आणि तसाच पुढे निघालो. बऱ्याच वेळाने, एका ओढ्याकाठी, करंजाच्या झाडाखाली तिची स्कूटर दिसली.

पायवाटेने वर गेलो. काळ्या दगडाचा, विहीर जमिनीवर काढून ठेवावी तसा एक गोल बुरूज होता. त्याला खाली कमानीचं तोंड, आणि त्या तोंडातून दोन पाय बाहेर आलेले. चपला ओळखीच्या होत्या. शेजारी वाडीतली एक म्हातारी घरची परात उन्हाकडे धरून तिचा उजेड आत सोडत होती. भोवती शेळ्या चरत होत्या.

"जरा वर, मावशी. अजून जरा," आतून आवाज आला.

"हात भरून आलं की वं माजं," म्हातारी म्हणाली. मग तिला मी दिसलो. "बाई, कुनी पावनं आल्यात बघा."

बायको सरपटत बाहेर आली. केसांवर, भुवयांवर पांढरी भुकटी. तिने माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या पुडीकडे.

"अगं बाई! डबा घेऊन आलात?"

"हं," मी म्हणालो.

आयुष्यात एवढं मोठं खोटं मी एवढ्या थोडक्यात कधी बोललो नव्हतो. तिने आधी पुडीसकट माझा फोटो काढला, मग एक वडापाव स्वतः घेतला, दुसरा मावशीला दिला. मी त्या दोघींना खाताना बघत बसलो.

त्यानंतर मी दर रविवारी तिच्या स्कूटरवर बसून जाऊ लागलो, आधी शरमेपोटी आणि मग चक्क आवडलं म्हणून. चुनखडी म्हणजे डोंगर फोडून काढायची काहीतरी वस्तू अशी माझी समजूत होती. इथे ती ओढ्याकाठच्या मातीत खड्यांनी सापडते, सुंठेसारखे वेडेवाकडे खडे. ते खणून काढून भट्टीत वरून कोळशाबरोबर थरावर थर टाकायचे, पेटवायचे आणि भाजलेला चुना खालच्या तोंडातून ओढून घ्यायचा. सिमेंट आलं आणि हे सगळं थांबलं. खाणीच्या खड्ड्यांत आता पाणी आहे आणि त्यावर खंड्या सूर मारतो. भट्टीच्या आतल्या भिंतीला जाळाने काचेसारखी हिरवट झिलई चढली आहे. दुपारचं ऊन वरून आत उतरलं की ती अशी चमकते की मी, मीसुद्धा, एकदा "वा" म्हणालो.

माझं काम भट्टीत उभं राहण्याचं. नुसत्या भट्टीचा फोटो काढला तर ती रांजणाएवढी आहे की दुमजली घराएवढी, बघणाऱ्याला कळत नाही. माणूस उभा केला की कळतं. "हलू नका, हसूही नका," ती वरून सांगायची. दोन्ही मला सहज जमतं.

इतकं सुख चाललं होतं, पण ती वडापावची गोष्ट सगळ्यांना सांगत होती. बहिणीला, शेजाऱ्यांना, बँकेतल्या मैत्रिणींना. "हे कधी काही बोलत नाहीत, पण त्या दिवशी न सांगता डबा घेऊन इतक्या लांब आले." मेव्हणीने तर डोळ्यांना पदर लावला. मी भिंतीकडे बघायचो. आणि आता सोसायटीच्या हॉलमध्ये तिच्या फोटोंचं प्रदर्शन ठरलं. पहिलाच फोटो त्या दिवशीचा, उन्हात पुडी धरून उभा मी. खाली ही गोष्ट ती स्वतःच्या अक्षरात लिहिणार होती, आणि तो फोटो नंतर हॉलच्या भिंतीवर कायमचा राहणार होता. तिने ती लिहिली असती तर मला जन्मभर त्या खोट्यासमोरून रोज जावं लागलं असतं. खरं सांगून न लिहू द्यावी, तर तिचा आनंद जायचा, आणि कदाचित मीही तिच्या मनातून उतरायचो.

गेल्या रविवारी मी भट्टीत उभा होतो. ती वर काठावर पालथी पडून खाली बघत होती. आकाशाच्या वाटोळ्या तुकड्यात तिचं डोकं तेवढं दिसत होतं. समोरासमोर मला बोलता आलं नसतं.

"मी त्या दिवशी डबा आणला नव्हता," मी पुटपुटलो. "तुझ्या मागावर आलो होतो. वाटलं, तू कुणाला तरी भेटतेस."

भट्टी आवाज केवढा वर फेकते हे मला ठाऊक नव्हतं. वर तिच्या शेजारी दुसरं डोकं उगवलं, पदर घेतलेलं. मग तिसरं.

"म्हंजी बायकूच्या राकनीला आला व्हता व्हय?" मावशी ओरडली. "आवं, हितं माज्या शेळ्यांबिगर कोन येतंय! एवड्या उनाचं कोन लफडं करतंय!"

तिसरं डोकं, म्हणजे मावशीची सून, हसून हसून काठामागे गेलं. बायको हसली नाही. तिने कॅमेरा बाजूला ठेवला.

"कोण वाटला होता?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही."

"निदान उंच तरी?"

"तुमच्याहून समदेच उंच," मावशी मला म्हणाली.

बाहेर आलो तेव्हा बायको खड्ड्याच्या पाण्याशी बसली होती. डोळे ओले होते. मी शेजारी बसलो. "मी आता रागावणार आहे. मध्ये बोलू नका," ती म्हणाली. ती पाण्यात एकामागून एक खडे फेकू लागली. हाताशी असलेले खडे संपले तसं तिनेच विचारलं, "पण एवढ्या वर्षांत कधी नाही, तेव्हाच का वाटलं?"

माझ्याकडे "हं" होतं, "बघू" होतं. तरी मी सांगितलं.

"आधी तू गुणगुणत घरी यायला लागलीस. मग त्या दिवशी, खिंडीच्या उतारावर, दोन्ही पाय हवेत सोडले होतेस. गात होतीस. मागून ऐकू येत नव्हतं, पण मान हलत होती. घरी मी तुला असं कधी पाहिलं नव्हतं. माझ्यामुळे तर नक्की नाही. मग म्हटलं, कुणामुळे तरी असणार."

ती माझ्याकडे बघत राहिली. "एवढं सगळं दिसतं तुम्हाला?"

"दिसतं."

"मग सांगत जा की हो! मला काय कळणार?" तिने मला दंडावर चांगली चापट मारली. तिचा सगळा हात चुन्याने पांढरा होता, शर्टावर पाच बोटं उमटली.

परतताना मी तिच्या स्कूटरवर मागे बसलो. खिंड ओलांडली. तिच्या घराकडच्या बाजूलाही उतार आहेच. तो लागला तशी ती ओरडली, "पाय वर घ्या!"

माझं वय, माझे गुडघे. मी घेतले.