पितळी खांदा

कुंभकोणमच्या भांडीबाजारात छत्र्या दुरुस्त करणारे ते आमच्यातलेच, पिढ्यान्‌पिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्या मराठी घरातले, म्हणून मी त्यांना मामा म्हणायचो. नाव कधी विचारलं नाही. मोडकी वस्तू हातात घेतली की आधी मालकावर डाफरायचे, तेही भर बाजारात, मोठ्यानं, घरच्या मराठीत. लोकांनी वळून बघू नये म्हणून मी मात्र हळू आवाजात तमिळमध्ये उत्तर द्यायचो.

माझ्या मुलीकडे हातपाय हलणारा प्लॅस्टिकचा शिपाई होता, जुन्या परदेशी खेळण्यावरून काढलेली नक्कल. त्याचा खांदा तिसऱ्यांदा निखळला, तेव्हा मी तो मामांकडे नेला. पुण्याहून आलेले पाहुणे सोबत होते. मामांनी आतलं सैल रबर काढून सायकलच्या ट्यूबची पट्टी ओवली आणि मोडक्या आकड्याच्या जागी पितळेच्या तारेचा आकडा बसवला. तो खांद्यावर चकाकत होता.

"वरून रंग लावा, दिसणार नाही," मी तमिळमध्ये म्हटलं.

"लावीत नाहीं. मोडला होता, उठला. त्यांत लाज कसली?"

पाहुणे हसले. "नक्कल ती नक्कलच. आणि मामा, तुमचं मराठीही गमतीचं आहे. अर्धं बखरीतलं, अर्धं तमिळ."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मामांनी शिपाई पाहुण्यांच्या हातात दिला.

"हात ओढा. जोरानें."

पाहुण्यांनी ओढला. हात ताणला गेला आणि सुटताच टणकन जागेवर बसला.

"सांचा तिकडला, सांधा इकडला," मामा म्हणाले. "आमची मराठीही लोक तीनशें वर्षें ओढून पाहतात. निखळली का?"

"नाहीं," मी मोठ्यानं, मराठीत म्हटलं. समोरच्या दुकानातली माणसं वळून बघायला लागली.