कडब्यातली म्हैस

पाथरीच्या बसस्टँडमागं टीव्ही दुरुस्त करणारा एक जण आहे. दुरुस्त झालेला प्रत्येक टीव्ही तो एकाच जुन्या विनोदी पिच्चरची डिस्क लावून तपासतो आणि विनोद यायच्या आधीच हसतो. नवरदेव सासऱ्याला भिऊन कडब्याच्या गंजीत लपतो, तिथं डिस्क नेमकी अडकते. मग हा हातातला टेस्टर ठेवून उठायचा आणि पुढचं स्वतः करून दाखवायचा. म्हैस कडबा खात खात नवरदेवाच्या फेट्यापर्यंत पोचायची. म्हैसही हाच, नवरदेवही हाच. गिऱ्हाईकं पोट धरून हसायची.

एकदा मी हौसेनं त्याला तो अख्खा पिच्चर मोबाइलवर दाखवला. नवरदेव शिंकत बाहेर आला आणि गाणं सुरू झालं.

“म्हैस न्हाई का यात, सर?”

“नाही.”

“कापली आसंल,” म्हणून तो कामाला लागला.

परवा माझाच टीव्ही तपासताना डिस्क अडकली. बाकावरचे दोघं आधीच हसायला लागले होते. त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि बसल्या जागी बटण दाबून पिच्चर पुढं नेला.