ओंडक्यातले शेंगदाणे

सायंकाळी देवापाशी दिवा लागला की मी पोथी वाचतो आणि माझी पत्नी समोर बसून ऐकते. विवाहापासूनचा हा नेम. श्रोता एकच असला तरी तो एकाग्र असावा, एवढीच माझी अपेक्षा. तिने ती कधी उणी पडू दिली नाही.

गेल्या वर्षी ती शाळेतून निवृत्त झाली आणि प्राणिसंग्रहालयात सेवेला जाऊ लागली. तेथे दरवेशाकडून सोडवून आणलेले एक अस्वल होते. एकदा मीही तिच्यासोबत गेलो. ते एकाच जागी उभे राहून डोलत होते.

"जणू भजनात रंगले आहे," मी हात जोडून म्हणालो.

"अहो, भजन कसलं? कंटाळ्यानं डोलतंय ते. आयतं खाऊन दिवसभर करायचं काय त्यानं?"

तेव्हापासून त्या जीवाला उद्योग पुरवणे हे तिचे व्रत झाले. तिथल्या डॉक्टरांना विचारून ती घरीच ओंडक्याला भोके पाडी, त्यांत मध आणि शेंगदाणे दडवी. पोत्यात पाला भरून तळाशी खजूर लपवी. मग ते हुंगत, उकरत, तासन्‌तास रमून जाई. भूतदया मी आयुष्यभर शिकवली. परंतु घरातली शेंगदाण्याची चटणी संपली, सोलापुरात राहून माझे ताट चटणीवाचून वाढले जाऊ लागले, आणि भाजलेले दाणे माझ्या डोळ्यांदेखत ओंडक्यात जाऊ लागले, तेव्हा या वयात मी एका अस्वलाचा मत्सर करू लागलो.

एका सायंकाळी मी वाचत होतो आणि ती समोर बसून भोकांत दाणे ठासत होती. आपला श्रोताही गेला, असे मला वाटले. खात्री करून घ्यावी म्हणून मी मुद्दाम एक श्लोक गाळला.

"मधला राहिला," मान वर न करता ती म्हणाली.

"कोणता?"

"परीक्षा घेताय होय माझी? इतकी वर्षं ऐकतेय की!"

मी ओशाळून पोथीत मागे गेलो आणि तो श्लोक म्हटला. तिचे कान माझ्याकडेच होते. पण हात अस्वलाकडे होते, आणि मला हातही हवे होते.

"मूठभर चटणीला ठेव," पोथी बांधताना मी म्हणालो.

"ठेवलेत की. कुटायचे मात्र तुम्ही. बसून बसून तुम्हीही डोलायला लागलात हल्ली."

दुसऱ्या दिवशी मी खलबत्ता पुढ्यात घेऊन बसलो. दारात रिक्षा आली. आत बसून, ओंडका मांडीवर नीट सावरून धरीत पत्नी अस्वलाकडे निघून गेली.