सोडियम उतरलं तेव्हा

आमच्या कंपनीत सॉफ्टवेअर प्रकल्पांना मूलद्रव्यांची नावं देतात. काल नव्या कामाचं नाव 'कोबाल्ट' ठरलं आणि मला ओतूरच्या घरातली 'सोडियम'ची ती सकाळ आठवली. तेव्हा मी माहेरी राहून काम करत होते. रेंज फक्त पडवीत यायची, म्हणून तिथे बसून मी फोनवर ओरडत होते, "सोडियम डाऊन झालंय! लवकर वर आणा, नाहीतर सगळं संपलं!" अंगणापलीकडे शेजारच्या मावशी कांदे निवडत होत्या. मागच्याच महिन्यात रक्तातलं सोडियम उतरल्यामुळे त्यांचे यजमान दवाखान्यात होते. कांद्याची टरफलं चिकटलेल्या हातांनीच त्या धावत आल्या. "आगं, आईचं सोडियम गेलं आन् तू हितं बसलीस व्हय?" मी हसून म्हणाले, "मावशी, ते आमच्या कामाचं नाव आहे. आई झोपलीय." "या टायमाला ती कंदी झोपत न्हाई," म्हणत त्या आत गेल्या आणि पाठोपाठ मीही. आई घामानं भिजली होती, काहीतरी असंबद्ध पुटपुटत होती. चतुर्थीचा उपास धरला होता, पण मधुमेहाची गोळी मात्र घेतली होती. मी डॉक्टरांना फोन लावला, तोवर मावशींनी तिला उठवून बसवलं आणि चमच्याचमच्यानं साखरपाणी पाजलं. डॉक्टर पोचायच्या आत आईनं डोळे नीट उघडले आणि मावशींना विचारलं, "तू कवा आलीस गं?" मी मावशींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. आता मी माहेरी गेले आणि दोघी अंगणात कशावरून तरी भांडायला लागल्या, की मी हातातलं काम थांबवते आणि ते भांडण पोटभर ऐकते.