आमची ईपी आणि कात्रजचं भजनी मंडळ

गेल्या शुक्रवारी सकाळी आमच्या बँडची ईपी रिलीज झाली... आणि दुपारपर्यंत माझं डोकं फिरलं होतं.

बँडचं नाव 'गजर'. म्हणजे घड्याळाचा! मी गाते, अमेय गिटार वाजवतो. दुसरा अल्बम काही केल्या पुरा होईना, तोवर लोकांनी विसरू नये म्हणून मधल्यामध्ये ही चार गाण्यांची छोटी रेकॉर्ड. कोथरूडच्या फ्लॅटमध्ये, खिडक्यांना गाद्या लावून, घामाघूम होत केलेली.

गाण्यांचं ॲप उघडलं तर आमच्या पेजवर काहीच नाही. शोध शोध शोधलं... आणि ईपी सापडली कुठे? कात्रजच्या 'गजर महिला भजनी मंडळा'च्या पेजवर. वर काकड आरती, खाली अमेयची कर्कश्श गिटार.

गाणी अपलोड करणाऱ्या कंपनीला मेल केला. उत्तर आलं, 'तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे.' पुन्हा मेल केला. पुन्हा तेवढीच महत्त्वाची. अमेय म्हणाला, "आपण भजनंच करू या. पेज तरी आयतं आहे." मला हसूसुद्धा येईना.

खरं तर माझा जीव तिसऱ्या गाण्यात अडकला होता. पॅरालिसिस झाल्यापासून बाबांना एकच शब्द बोलता येतो... 'बरं'. भूक लागली तरी बरं, चिडले तरी बरं. त्या एका शब्दावर ते गाणं केलंय. ते असं भलतीकडे बेवारस पडलेलं बघवत नव्हतं.

शेवटी बुधवारी ओळखीपाळखीतून मंडळाच्या प्रमुख सुलभाताईंचा नंबर मिळवला आणि फोन लावला. मी सॉरी म्हणत होते, तर त्यांनी मध्येच तोडलं.

"अहो, तो धांगडधिंगा तुमचा होय? मला वाटलं मोबाइल बिघडला."

मी पुन्हा सॉरी म्हटलं.

"पण ते 'बरं'चं गाणं... ते कुणावर आहे?"

"माझ्या बाबांवर," मी म्हटलं. आणि का कोण जाणे, त्यांना सगळं सांगितलं.

मग त्या म्हणाल्या, मंडळातल्या कुसुमताईंच्या मिस्टरांचीही अशीच वाचा गेलीय. तेव्हापासून कुसुमताईंनी भजनाला येणं सोडलं होतं. सुलभाताईंनी त्यांना हे गाणं पाठवलं, तर दुसऱ्याच दिवशी आपणहून आल्या आणि म्हणाल्या, हे आपण बसवू या.

संध्याकाळी सुलभाताईंनी रेकॉर्डिंग पाठवलं. एका बाईचा थोडा कापरा आवाज, मागून सगळ्या जणी टाळांवर... 'बरं, बरं'. आमच्यापेक्षा कितीतरी मोकळं गायल्या होत्या.

बाबांना ऐकवलं. संपेपर्यंत ते फोनकडेच बघत होते. मग माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणाले, "बरं."

त्यांचे सगळे 'बरं' आता मला कळतात. हा होता, 'पुन्हा लाव.'

कंपनीवरचा राग अजून गेलेला नाही, जाणारही नाही. पण सुलभाताई, कुसुमताई... आमच्या घरात काल तुमचं गाणं चार वेळा वाजलं. मनापासून थँक्यू.